पुढच्या सीटवरून

सोमवार, संध्याकाळ

छोट्या,

तुझ्या फोनमधली बाई हे वाचून दाखवेल तेव्हा तू कपाळाला आठ्या घालून बसलेला असशील. चार महिन्यांत एक शब्द नाही आणि आता एकदम पत्र. बाईला त्याचं काही नाही. तिला शिव्या वाचायला द्या नाहीतर शुभेच्छा, ती एकाच सुरात वाचते, म्हणून तर मला ती आवडते.

कारण सांगतो. कोचबाईंचा फोन आला होता. तुझा नवा गाईड शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी पोहोचणार, म्हणजे रस्ता बघायला त्याला वेळच नाही. मी इथंच राहतो, शिवाय "राखीव" गाईड आहे, तर मी आठवडाभरात पोहणं, सायकल, धावणं असे तिन्ही टप्पे बघून ठेवीन का, असं त्यांनी विचारलं. राखीव हा शब्द त्यांनी फार गोड करून उच्चारला. खरं सांगू? फोन आला तेव्हा क्षणभर मला वाटलं की तो पोरगा आजारी पडला असावा. नव्हता पडला. मी हो म्हटलं. त्याला जे लागेल ते मी त्याला कळवीन, तो डोळस माणूस आहे, नकाशा बघून घेईल. तुला मात्र माझ्या भाषेत सांगितलेलंच कळतं, म्हणून तुला वेगळं लिहितोय.

नेहमीसारखं रेकॉर्ड करून का नाही पाठवलं, असं विचारशील. घसा बसलाय. आईचाही बसलाय, घरात साथच आहे म्हण ना. ती दोन-चार दिवस फोनवर यायची नाही. काळजीचं काही नाही.

आज सकाळी कामावर जायच्या आधी पोहण्याचा भाग बघितला. धरणाचं पाणी आहे. उतरायला सिमेंटचा उतार केलाय, वरचा भाग खरखरीत, पण पाणी घोट्याला लागलं की शेवाळ सुरू. तिथं चालायची मर्दुमकी दाखवू नका. खाली बसा आणि घसरगुंडीवर जातात तसे ढुंगणावर जा. लोक हसतील, हसू देत. पुढे तळ एकदम खाली जातो, त्यामुळे पाय टेकतील या भरवशावर राहू नका. डाव्या हाताला लांबवर एक पंपघर आहे. तू डावीकडे मान वळवून श्वास घेतोस, तेव्हा जाताना दर श्वासाला त्याची घरघर ऐकू येईल. खुणेसाठी सोडलेल्या शेवटच्या फुग्याला वळसा घातला की ती मंद होत जाईल. परतताना ती पुन्हा मोठी व्हायला लागली तर तुझ्या गाईडला डुलकी लागलीय असं समज आणि तुम्हा दोघांना बांधणाऱ्या मांडीच्या दोरीला झटका दे.

मधे एका जागी पाणी अचानक गार होतं. पोटाखालून कुणी बर्फ सरकवल्यासारखं वाटतं. मी दचकलो, तू दचकू नकोस. चार हात मारले की पुन्हा कोमट.

सायकलचा रस्ता उद्या किंवा परवा बघतो. या आठवड्यात बाजारातल्या जुन्या इमारतीच्या लिफ्टचे दोर बदलायचं काम निघालंय आणि साहेब माझ्याच मानेवर बसलेत.

दादा


मंगळवार, दुपार. हे पाठवायचं नाही.

छोट्या,

घसा कुणाचाच बसलेला नाही.

आई रविवारपासून हॉस्पिटलमध्ये आहे. सकाळी भाजी निवडताना तिला धाप लागली, ती थांबेचना. डॉक्टर म्हणाल्या, हृदय दमलंय आणि फुफ्फुसांत पाणी साचतंय. औषधं चालू आहेत. मी सरळ विचारलं तर त्याही सरळ म्हणाल्या की या वयात आणि या अवस्थेत आठवडाही निघेल, महिनाही निघेल, उद्याचंही सांगता येत नाही. बाईमाणूस होत्या, माझ्या हाताला लागलेलं ग्रीस बघून त्यांनी आधी मला हात धुवायला बेसिन दाखवलं आणि मग हे सांगितलं.

आईनं मला बजावून ठेवलंय. शर्यत होईपर्यंत तुला कळता कामा नये. मास्क बाजूला करून करून बोलत होती, म्हणजे एकेका शब्दाला किती दम लागला असेल बघ. "त्याला पाण्यात मी घातलाय," म्हणाली. "मी आजारी म्हणून तो काठावर बसला तर मला चालणार नाही." तिला स्वतःला पोहता येत नाही आणि तू मात्र अकराव्या वर्षी दृष्टी गेल्यावर सहा महिन्यांत तलाव पार करायला लागलास, ते ती काठाकाठानं टाळ्या वाजवत चालायची म्हणून. ते तुला सांगायला नको. मी तिला हो म्हणालो. त्या वेळी कोणीही हो म्हणाला असता.

आता पंचाईत अशी आहे की तू दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकतोस. समोरच्याच्या "नमस्कार"वरून तुला कळतं की बाई रडून फोन करतेय की नवऱ्यावर ओरडून. माझ्या आवाजातून तू दोन वाक्यांत सगळं काढून घेतलं असतंस. म्हणून पत्र. तुझ्यापासून लपायला मला आख्ख्या जगात ही एकच जागा सापडली.

आणि मला ते सहन होत नाही. आपण पहिल्यांदा जोडसायकल घेतली तेव्हाचं आठवतं का? समोरून ट्रक येत होता, मी तुला काही बोललो नाही, नुसतं हँडल घट्ट धरलं. तुला ते तुझ्या सीटवर समजलं. तू पुढच्या चौकात उतरलास आणि फुटपाथवर बसून राहिलास. म्हणालास, "तुला दिसेल ते मला सांगायचं. मी घाबरेन की नाही ते तू ठरवायचं नाही." मी कबूल केल्याशिवाय तू मागच्या सीटवर बसला नाहीस. त्यानंतर सात वर्षं मी तुला खड्डा, कुत्रा, लाल सिग्नल, अंगावर येणारी बस, सगळं सांगत आलो. समोरच्या घरातल्या पोरीनं रस्त्यात तुला बघून तोंड फिरवलं तेही सांगितलं होतं, आणि तू दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास.

चार महिन्यांपूर्वी तू गाईड बदललास, ते बरोबरच होतं. मी शेचाळीसचा, गुडघ्यांचा आवाज लिफ्टच्या जुन्या दरवाजासारखा, आणि धावताना तू मला ओढतोस की मी तुला हेच कळत नव्हतं. तू स्वतः सांगायला हवं होतंस, कोचबाईंकडून नाही. माझा राग एवढाच आहे. पण राग आहे म्हणून मी तुझ्यापासून आईला लपवतोय असं तुला वाटेल, आणि ते खरं नाही, हे मी तुला कसं पटवणार?

वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. इथली लिफ्ट दर वेळी मजल्याच्या बोटभर खाली थांबते. कुणालाही जाणवत नाही, मला जाणवतं.


गुरुवार, दुपार

छोट्या,

तुझं उत्तर मिळालं. मी एवढं पाल्हाळ लावलं आणि त्यावर तुझे तीन शब्द, "आई कशी आहे?" बरी आहे. झोपते पुष्कळ. घसा अजून तसाच आहे.

सायकलचा रस्ता काल बघितला. आपली जोडसायकल बाहेर काढली. मागची सीट रिकामी ठेवली तर ती घोड्यासारखी उधळते, म्हणून तुझ्या जागी वाळूची दोन पोती बांधली. वजन साधारण तुझ्याएवढं झालं. पोती तुझ्यापेक्षा गुणी निघाली, चढावर "दादा, झोपलास का" असं एकदाही म्हणाली नाहीत. पण वळणावर पोतं झुकत नाही. धरणाच्या भिंतीवरून उतरलं की लगेच उजवीकडे एक आवळ वळण आहे, तिथं मी जवळजवळ कठड्यावर गेलो होतो. कोपर सोललं, बाकी काही नाही. तिथं तुझ्या गाईडनं सांगायच्या आधीच झुकायला लाग. भिंतीवर असेपर्यंत वारा डाव्या गालावर असतो, तो एकदम थांबला की भिंत संपली आणि वळण आलं. त्या पोरावर विसंबू नको, वाऱ्यावर विसंब.

त्यापुढचा रस्ता गुळगुळीत आहे, फक्त पुलाच्या दोन्ही टोकांना लोखंडी सांधे आहेत, तिथं बुड उचल. चढ एकच आहे, पण लांब. चढाच्या मध्यावर लाकडाची वखार आहे, ताज्या भुशाचा वास येईल. तो वास आला की अर्धं झालं. तोवर राखून ठेव.

धावण्याचा टप्पा कालव्याच्या काठानं आहे. माती घट्ट, मधेमधे झाडांची मुळं वर आलेली. सगळ्यात वाईट मुळं सावलीत आहेत, म्हणजे अंगाला गारवा लागला की पाय उचलून टाक. शेवटी एक लोखंडी फाटक आहे, त्यातून दोघांना शेजारी शेजारी जाता येत नाही. गाईड पुढे, तू मागे, हात त्याच्या पाठीवर. आपण असतो तर मी म्हटलं असतं, तू पुढे हो आणि मला ओढ.

पूर्ण रस्ता मी धावलो. कोचबाईंनी राखीव माणसाला तयार राहायला सांगितलंय, म्हणून. कामावर मात्र उशीर झाला. साहेब बोलले. लिफ्टचे दोर अजून अर्धेच चढलेत आणि चौथ्या मजल्यावरच्या आजी रोज दाराशी येऊन मला विचारतात की मी त्यांना खाली कधी उतरवणार. आईपण परवा असंच…

जाऊ दे. बाकी ठीक. नीट झोप. शनिवारी तू इथं उतरलास की कोचबाईंच्या हॉटेलवरच जा, घरी यायच्या फंदात पडू नकोस. घरात साथ आहे ना.

दादा


शुक्रवार, सकाळ

छोट्या,

हे वाचायच्या आधी कुठंतरी बस.

आई हॉस्पिटलमध्ये आहे. रविवारपासून. घसा वगैरे काही नाही, मी खोटं बोललो. तिचं हृदय दमलंय आणि फुफ्फुसांत पाणी होतंय. काल संध्याकाळपासून तिला जास्त होतंय. डॉक्टर बाई काळजीत दिसतात. शर्यतीनंतर तुला सांगायचं असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. आज सकाळी मी तिला म्हटलं, मी छोट्याला कळवतोय. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला चालणार नाही, पण मी तुला ट्रकसमोर नेऊन बसवलंय आणि गप्प बसून हँडल धरलंय असं मला वाटतंय. ते मला जमत नाही.

यायचं की नाही ते तू ठरव. शर्यत करायची की नाही तेही तूच. मी फक्त सांगतो इथं काय आहे.

मुख्य दारातून आत आलास की गार फरशी आणि फिनेलचा वास. सरळ चालत राहा, डाव्या हाताला औषधांच्या खिडकीसमोर गर्दी असते, तिथून उजवीकडे लिफ्ट. ती मजल्याच्या जरा खाली थांबते, बाहेर पडताना पाय उचल. वॉर्डात दोन्ही बाजूंना खाटा आहेत. आईची खिडकीशी, शेवटची. तिच्या डाव्या हाताला सलाईन आहे, म्हणून उजवीकडून बस. तोंडावर मास्क आहे आणि उशाशी ऑक्सिजनचं यंत्र, ते मोठ्यानं सूं सूं करतं. तिचा हात हातात घेशील तेव्हा दचकू नकोस. खूप हलका झालाय. केस नर्सनी विंचरून दोन वेण्या घातल्यात, शाळेतल्या मुलीसारख्या. पावलं सुजलीत. ती थकलेली दिसते आणि तिला त्रास होतोय. हे मी कमी करून सांगत नाही.

मी दारात उभा असेन. माझ्याशी बोलायला पाहिजेच असं नाही.

दादा


पुढचा बुधवार

छोट्या,

सगळं आटोपलं आणि तू काल परत गेलास. तुझ्या गाईडनं तुला गाडीत बसवलं. पोरगा चांगला आहे. मला बाजूला घेऊन म्हणाला की भिंत संपायच्या आधीच तू झुकलास, फाटकाच्या आधीच तू मागे गेलास, त्याला वाटलं तू हा रस्ता पूर्वी केलेला आहेस. शर्यत तू चांगली केलीस असंही तो म्हणाला. तू सायकलवर असताना आई गेली. कोचबाईंनी तुला शेवटची रेषा ओलांडल्यावर सांगितलं, तेही मीच त्यांना तसं सांगितलं होतं म्हणून. त्याचा राग तू धरला आहेस आणि तो बरोबर आहे.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काल जिना उतरताना तू मावशीला म्हणालास, "मी आलो होतो ते तिला कळलंसुद्धा नाही गं." मी तुझी बॅग घेऊन मागेच होतो. मावशी "असू दे रे, असू दे" म्हणत तुझ्या पाठीवरून हात फिरवत होती. सगळ्या लोकांत, जिन्यावर, काय आणि कसं सांगणार होतो?

शनिवारी संध्याकाळी तू खाटेशी येऊन बसलास आणि मला विचारलंस, "झोपलीय का?" चार महिन्यांत तू माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द. मी म्हटलं, "हं." तेवढंच म्हटलं, कारण त्याहून जास्त बोललो असतो तर तुला कळलं असतं.

ती झोपलेली नव्हती. तुझ्या काठीचा आवाज वॉर्डाच्या दारात आला तेव्हाच तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघून मास्कवर बोट ठेवलं. मग तुझ्याकडे बोट केलं आणि खिडकीबाहेर, धरण आहे त्या बाजूला. मला काय ते समजलं. ती जागी आहे, तिला धाप लागतेय, हे कळलं असतं तर तू उठला नसतास, आणि तिला तुला पाण्यात पाठवायचं होतं. तू तिचा हात हातात घेतलास तेव्हा तिनं तो मुद्दाम सैल सोडला. मी बघत होतो, तिला किती जड गेलं ते. एकदा तिची बोटं वळायला लागली होती, तिनं ती पुन्हा सरळ केली. यंत्राच्या आवाजात तुझे कानसुद्धा हरले.

मी तिचं ऐकलं. शुक्रवारी तुझं ऐकलं होतं, शनिवारी तिचं ऐकलं. यातलं काय बरोबर होतं ते मला माहीत नाही. तू मला माफ करशील असं मी धरून चाललेलो नाही. पण दिसेल ते सांगायचं असं ठरलं होतं आपलं, आणि तिथं जे दिसत होतं ते मी एकट्यानंच पाहिलंय. ते मी माझ्याजवळ ठेवू शकत नाही.

तर ऐक. तू बसला होतास तेवढा सगळा वेळ ती तुझ्याकडे बघत होती. एकदाही डोळे मिटले नाहीत. नर्स सलाईन बघायला मधे आली तर आईनं मान तिरकी केली, तिच्या आडून तू दिसावास म्हणून. तुझ्या केसांकडे बघितलं, तुझ्या नव्या बुटांकडे बघितलं. तुझी दाढी कानाजवळ राहिली होती, ती तिनं मला खुणेनं दाखवली, म्हणजे मी तुला सांगावं म्हणून. मी नाही सांगितलं, आता सांगतो. तू तिला हळू आवाजात सगळा रस्ता सांगत होतास, पंपघर, गार पाणी, वखारीचा वास, माझीच वाक्यं तिला ऐकवत होतास, आणि तुला वाटत होतं तू झोपलेल्या माणसाशी बोलतोयस. ती मान हलवत होती. प्रत्येक वळणाला मान हलवत होती. पोत्यांचं सांगितलंस तेव्हा हसली, मास्कवर वाफ धरली. मग तू शर्टाच्या बाहीला नाक पुसलंस, त्याला मात्र तिनं कपाळाला आठी घातली.

तू म्हणालास, "उद्या दुपारी येतो, तोवर ऊठ." आणि उठलास. तुझी काठी खाटेखाली सरकली होती. तू वाकून चाचपत होतास, ती दुसऱ्याच बाजूला होती. मी द्यायला पुढे झालो तर आईनं माझा हात धरला. जोर कुठून आला कोण जाणे, पण धरला. मला वाटलं तिचं नेहमीचंच, त्याचं त्याला शोधू दे, लहानपणापासून तुला ती कधी काही हातात द्यायची नाही. तू शोधलीस, मिळाली, गेलास. लिफ्टचा दरवाजा लागल्याचा आवाज आल्यावर मी तिला जरा रागावूनच म्हटलं, अगं, आज तरी देऊ द्यायची होतीस.

तिनं मास्क बाजूला केला. म्हणाली, "तेवढाच अजून थांबला ना."

दादा